मोहाशी झुंजताना: शपथ, एकट्याची प्रार्थना, की पापनिवेदन आणि सोबती?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत दारू, पत्ते किंवा मोबाइलवरचं नको ते पाहणं सोडायचं म्हटलं की तीन वाटा दिसतात. कुणी क्रुसासमोर शपथ घेतो. कुणी ‘देव बघून घेईल’ म्हणत प्रार्थना वाढवतो. कुणी फादरांकडे पापनिवेदनाला (आपली पापं कबूल करायला) किंवा विश्वासातल्या माणसाकडे जाऊन मन मोकळं करतो. देवाचं नाव तिन्हींत आहे, पण ऐन मोहाच्या घडीला भार कुणावर पडतो ते पाहा. तिथे या वाटा वेगळ्या होतात.

शपथ

शपथ आजच्या आज घेता येते आणि घरच्यांनाही धीर येतो. राखेच्या बुधवारी घेतलेली शपथ बहुधा प्रायश्चित्तकाळभर, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, टिकतेही, कारण तेव्हा आजूबाजूचे सगळेच हात आखडून असतात आणि लग्नंही नसतात. खरी कसोटी इस्टरनंतर लागते, मे महिन्यातल्या लग्नाच्या मांडवात.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातला येशूचा शिष्य पेत्र आठवा. ‘बाकीचे अडखळले तरी मी नाही’ असं तो ठासून सांगतो. त्याच रात्री गेथशेमानेत जागं राहून प्रार्थना करायला सांगितलं तर झोपतो आणि कोंबडा दुसऱ्यांदा आरवण्याआधी येशूची ओळख तीनदा नाकारतो. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, पण सगळी मदार स्वतःवर होती. शपथ मोडली की वर लाजही येते. माणूस मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जायचं टाळू लागतो आणि जिथे मदत मिळायची ती जागाच सुटते.

दारूबाबत एक धोका वेगळाच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकतं. अशाने आधी डॉक्टर गाठावा. औषध घेतलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

एकट्याची प्रार्थना

ही वाट शपथेपेक्षा बरी, कारण इथे निदान मागणं तरी आहे. पण पुष्कळदा मागणंच चुकतं. ‘हा मोहच काढून टाक’ अशी विनवणी केली आणि संध्याकाळी तलफ आली, की देवाने ऐकलं नाही असं वाटतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:13) पौलाने दिलेलं आश्वासन निराळं आहे: परीक्षा शक्तीपलीकडे जाणार नाही आणि तिच्यासोबत निभावून जायची वाटही मिळेल. म्हणजे मागायची ती वाट, आणि तीही सकाळी, डोकं शांत असताना.

उदाहरण घ्या. होडी बंदरात लागली, मासळीचा लिलाव झाला, हिशेब होऊन वाटा रोख हातात आला आणि घरच्या रस्त्यावर बार आहे. सकाळची प्रार्थना खरी असेल तर तिच्यासोबत तीन गोष्टी ठरायला हव्यात: पैसे घरच्या खात्यावर जातील किंवा कुणाच्या हाती पडतील, घरी कुठल्या गल्लीने जायचं आणि सोबत कोण असेल. मालक पोटीफरच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला (उत्पत्ती 39:12). मोबाइलचा मोह असेल तर रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणं हेही पळणंच.

तोंडात वचन एकच असू द्या, एका श्वासात म्हणता येईल असं. रानात सैतानाने मोहात पाडू पाहिलं तेव्हा येशूने तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातलं छोटं वचन पुढे केलं. लांबलचक प्रार्थना त्या घडीला आठवत नाही.

पापनिवेदन आणि सोबती

आमचा कौल इकडे आहे. गावात तोंड दाखवायची भीती हा मोठा अडसर. पण पापनिवेदनात, कोकणी घरांतल्या कुमसारात, ऐकलेलं धर्मगुरूला कुठल्याही कारणाने उघड करता येत नाही. आपल्या फादरांसमोर जड जात असेल तर शेजारच्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) जावं, त्याला आडकाठी नाही. चर्चचा नियम वर्षातून किमान एकदा म्हणतो, पण जुन्या सवयीशी झुंजणाऱ्याला ते अपुरं पडतं. महिन्याला एकदा धरून चला. ‘फादर, चुकलो’ एवढ्यावर भागवू नका. कधी, कुठे, कशा संगतीत हेही सांगा, म्हणजे फादर नेमका सल्ला देऊ शकतात.

प्रोटेस्टंट मंडळींत हे याकोबाच्या पत्रातल्या (5:16) सांगण्यानुसार एकमेकांपाशी होतं. तिथे धर्मगुरूसारखं गुप्ततेचं बंधन नाही, म्हणून माणूस पारखून घ्यावा: आपल्या होडीवरचा नको, आपल्याच पाखाडीतला नको, त्याच व्यसनात अडकलेला तर नकोच. दारू सुटून बरीच वर्षं झालेला मात्र उत्तम, आणि असे लोक अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांत भेटतात. तिथल्या सुटकेच्या पायऱ्याही आपलं बळ पुरत नाही ही कबुली देऊन आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर विसंबण्यापासूनच सुरू होतात, जरी ती संघटना कुठल्या धर्माची नाही.

कुणी काय निवडावं

मोह अधूनमधून डोकावणारा असेल (राग, चहाड्या) तर सकाळची प्रार्थना आणि पाठ वचन पुरे. सवय जडली असेल तर तिसरी वाट, शपथेच्या भानगडीत न पडता. उपवास जोडायचा असेल तर शुक्रवारी मटण सोडून बांगडा खाणं नियमात बसतं, पण किनाऱ्यावर त्यात सोडलं काय? बांगडाच सोडून पाहा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा यांत्रिक होड्या किनाऱ्याला आणि दिवस रिकामे. पत्त्यांचे डाव तेव्हाच रंगतात. सोबत्याला भेटायचा वार मे संपण्याआधी ठरवून टाका.

आणि पडलात तर त्याच रात्री सोबत्याला फोन करा. शनिवारच्या पापनिवेदनाची वाट पाहत बसलात तर मधल्या दिवसांत ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून आणखी चार पेग होतात.