८०००० लुमेनचा हेडलॅम्प आणि २७ ग्रॅमचा सेल

पावसाळा तोंडावर आला की साताऱ्यात रेनकोट, ताडपत्री, बूट यांची तात्पुरती प्रदर्शनं लागतात. भाड्याचा हॉल, थोडे दिवस मुक्काम, मग पुढचं गाव. यंदा अशाच एका ठिकाणी ‘ट्रेकिंग व कॅम्पिंग साहित्य, कंपनी भावात’ असा फलक होता. तिथून दोन हेडलॅम्प घेतले, एक मला, एक मेव्हण्याला. दोन्हींचे मिळून १३०० रुपये गेले. रक्कम डोंगराएवढी नाही, पण गंडवण्याची रीत इतकी पद्धतशीर होती की रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजणाऱ्यांनी आणि तंबू घेऊन भटकणाऱ्यांनी ती माहीत करून घ्यावी.

खोक्यावर छापलं होतं: ८०००० लुमेन (एकूण उजेडाचं माप), ९९०० एमएएच (सेलची क्षमता), आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी), झोत २ किलोमीटर. लुमेनच्या आकड्यावर मी हसलोही. विक्रेता म्हणाला, “साहेब, छापलेलं सोडा, डोळ्यानं बघा.” त्यानं हॉलचे दिवे घालवले, हेडलॅम्पची काच पुढे ओढली आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर लख्ख चौकोन पाडला. बघणारे अवाक. ही करामत झूमच्या भिंगाची असते. सगळा उजेड एका लहानशा चौकोनात गोळा केला की साधा दिवाही लांब पोचतो. पायवाटेवर मात्र त्या चौकोनाच्या बाहेर मिट्ट काळोख राहतो. आपल्याला तर दगड, मुळं आणि फुरसं दिसायला पायापुढे पसरट उजेड हवा असतो.

मग बादली आली. त्यानं चालू हेडलॅम्प पाण्यात धरला, वर काढला, तरी चालूच. टाळ्या वाजायच्या तेवढ्या बाकी होत्या. मेव्हण्यानं गंमत म्हणून त्याचा व्हिडिओ काढला होता. तो नंतर सावकाश पाहिला तेव्हा कळलं की पाण्यात फक्त काचेची बाजू गेली होती. चार्जिंगचं छिद्र आणि त्यावरचं रबरी बूच पाण्याच्या वरच होतं. आयपीमधला शेवटचा ८ म्हणजे वस्तू एक मीटरपेक्षा खोल पाण्यात बराच वेळ टिकते असा कंपनीचा दावा. पावसात चालायला एवढी गरजही नसते. चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा आयपीएक्स ४ नेहमीच्या सरींना पुरतो, पण तो खरा असला पाहिजे.

श्रावणातल्या शनिवारी आम्ही काही जण पहाटे अंधारातच जरंडेश्वरला चढतो. धुकं आणि वर बारीक बुरबुर. पाऊण तासात माझ्या हेडलॅम्पचा उजेड पिवळट होऊन पायाशी येऊन बसला. मेव्हण्याच्या हेडलॅम्पमध्ये पाणी शिरलं आणि तो आपोआप लुकलुकायला लागला. त्याला बंदही करता येईना, कारण बंद करण्याआधी ते बटण प्रत्येक वेळी धोक्याच्या लुकलुकीतून जातं. “दाजी, मी हेलिकॉप्टर बोलावतोय काय?” असं विचारून त्यानं तो टोपीत गुंडाळला. पुढची चढण बरोबरच्या एका काकांच्या जुन्या पेन्सिल सेलवाल्या बॅटरीवर झाली. धुक्यात तीच बरी, हेही तेव्हा दिसलं. कपाळावरचा झोत धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत परत येतो. तीच बॅटरी हातात कमरेखाली धरली की वाट दिसते.

आता खोक्यावरच्या आकड्यांचा हिशेब. हेडलॅम्पमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल होता, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापात चांगल्यातल्या चांगल्या कंपन्यांचे नेहमी मिळणारे सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातात. ९९०० बसवायला जागाच नाही. ३.७ व्होल्टला ३५०० म्हणजे जेमतेम १३ वॅट-तास वीज. चांगला एलईडी एका वॅटला शंभर-दीडशे लुमेन देतो. ८०००० लुमेन काढायचे तर पाचशेहून जास्त वॅट लागतील, आणि अस्सल सेलसुद्धा दीड मिनिटात रिकामा होईल. तेवढी उष्णता कपाळावर बाळगणं तर सोडाच. मोटारीच्या हॅलोजन दिव्याचा एक बल्ब हजार-दीड हजार लुमेनचा असतो, यावरून काय ते समजा.

ओळखीच्या सराफाच्या काट्यावर सेल ठेवला. “हे कसलं सोनं आणलं?” म्हणत त्यानं वजन केलं: २७ ग्रॅम. अस्सल १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मग ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे सेलची क्षमता मोजायचं यंत्र आहे. त्यात ८४० एमएएच आले. तो म्हणाला, असल्या नळीत आत छोटा सेल असतो आणि बाकी जागा कशानंतरी भरलेली. कापून बघू नका, आग लागते. चार्जिंगला लावला की सेल चांगलाच तापायचा. असला माल उशाशी लावून झोपणं म्हणजे घर पेटवायची तयारी. लिथियम सेलला भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी लागते. सेलवर आयएस १६०४६ आणि आर पासून सुरू होणारा क्रमांक असायला हवा, आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माझ्या सेलवर फक्त चकचकीत वाघ होता.

खरं तर रात्री चालायला शंभर-दोनशे लुमेन भरपूर होतात, तंबूत वीस-तीससुद्धा जास्तच. उजेड किती वेळ टिकतो ते महत्त्वाचं, आणि इथं प्रामाणिक खोकंही नीट वाचावं लागतं. नावाजलेल्या कंपन्या एएनएसआय एफएल १ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकाप्रमाणे लुमेन, मीटर आणि तास अशी छोटी चित्रं छापतात. त्यातले तास म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. मीटर म्हणजे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तिथपर्यंतचं अंतर. म्हणून दोन्हींतले निम्मेच धरून चाला. ज्या खोक्यावर लुमेन ढीगभर आणि तासांचा पत्ता नाही, ते खोकं ठेवून द्या. माझं मत विचाराल तर नवख्यानं बारीक पेन्सिल सेलवर चालणारा हेडलॅम्प घ्यावा. ते सेल बामणोलीसारख्या आडगावातही मिळावेत, आणि सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन दिवा लागू नये म्हणून एक सेल काढून ठेवता येतो. लाल दिवा असला तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत ते क्षणात घालवतो.

आता फसवणुकीचा दुसरा भाग. मी बिल मागितलं होतं. मिळाली ती कच्ची पावती: वर ‘एस्टिमेट’, खाली रक्कम, कोपऱ्यात पेनानं ‘६ महिने गॅरंटी’. दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक काहीच नाही. परत गेलो तर हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लागलेलं. यूपीआयवर पैसे गेले होते ते कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही, पण विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता तर आपल्यालाच द्यावा लागतो. गॅरंटी लिहिणाऱ्यानं नेमकं तेवढंच वगळलं होतं. यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट, पावती आणि तो बादलीचा व्हिडिओ जपून ठेवलाय, त्या जोरावर तक्रार टाकणार आहे.

परवा कराडच्या मित्रानं फोटो पाठवला. तसाच फलक, तीच खोकी, फक्त आकडा आता ९०००० झालाय. तिकडचे कुणी जाणार असाल तर आधी नाव-पत्त्याचं छापील बिल मागा, मग सेल बाहेर काढून हातात तोला. आणि बादलीचा खेळ सुरू झाला तर हेडलॅम्प उलटा करून, रबरी बूच खाली करून बुडवायला सांगा.