शॉर्टवेव्ह डायथर्मी मशीन, १५ महिने वापरून: मशीन बरं आहे, क्लिपने जीव खाल्ला

रेडिओ लहरींनी अंगात आतपर्यंत शेक देणारं हे मशीन मागच्या मेमध्ये घेतलं. ५०० वॉटचं, कंटिन्युअस मोडचं (लहरी सलग देणारं), चाकांवरचं, सगळ्या फिजिओथेरपीवाल्यांकडे असतं तेच. २७.१२ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी वगैरे परत लिहीत बसत नाही, ज्यांना हे मशीन घ्यायचंय त्यांना ते पाठ असतं. कंपनीचं नावही लिहीत नाही, उगाच भांडण नको. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक मालवणजवळच्या एका गावात आहे, दोन खोल्या, समुद्र चालत दहा मिनिटांवर. हे समुद्राचं आधीच सांगून ठेवते कारण पुढचं अर्धं रामायण त्याच्यामुळेच झालंय.

मुळात हा रिव्ह्यू मी जूनमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा शीर्षक होतं "घेऊ नका". वॉरंटी मेमध्ये संपली आणि पहिला पाऊस पडल्यावर आठ दिवसांत मशीन रुसलं. मीटरचा काटा अर्ध्यावर येऊन थांबायचा, ट्यूनिंगचा (मशीन पेशंटशी जुळवून घ्यायचा) नॉब इकडेतिकडे फिरवला तरी पुढे जायचाच नाही, आणि पेशंट म्हणायचे काही गरम लागत नाही. मी आउटपुट बघायला जुनी छोटी ट्यूबलाईट ठेवलीये, पेशंट नसताना मशीनच्या दोन पॅडच्या मधे (जिथे एरवी पेशंटचा दुखरा भाग येतो) धरली की वायर न लावता पेटते (लहान पोरं हे बघायलाच येतात, एकाने मला जादूवाली डॉक्टर ठरवलंय). तर ती ट्यूबसुद्धा काजव्यासारखी लुकलुकायला लागली. मी म्हटलं संपलं, पासष्ट हजार पाण्यात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर व्हिजिट चार्ज १,८००, प्रवास वेगळा, माणूस कोल्हापूरहून येणार, घाटात दरड आली म्हणून आणखी चार दिवस. मधल्या काळात मी फोनवरून रोज एकदा भांडायचे. आणि अशाच एका भांडणात ती गोष्ट घडली जिच्यामुळे हे सगळं लिहितेय.

पण त्याआधी क्लिप.

दोन्ही केबल मशीनमधून निघून पॅडपर्यंत जातात ना, त्या एकमेकींपासून लांब राहाव्यात म्हणून मधे एक प्लॅस्टिकची क्लिप येते, दोन खोबणींची. मशीनबरोबर दोन दिल्या होत्या. एक डिसेंबरमध्ये तुटली, दुसरी जानेवारीत. वॉरंटीत होतं म्हणून मागितली तर म्हणे क्लिप कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या मालात, येते, सहाचा सेट घ्यावा लागेल, ९४० रुपये. नऊशे चाळीस! बाजारात अशा प्लॅस्टिकला कोणी तीन रुपये देणार नाही. मी अडून बसले, नाही घेतला. माझी ही चूक पुढे महागात पडली हे कबूल करते, पण त्या किमतीवरचा राग अजून गेलेला नाही.

मग घरगुती उपाय सुरू झाले. नवरा म्हणाला कपड्यांचे लाकडी चिमटे लाव. आयडिया चांगली वाटली, लावणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की त्याच्या मधे स्टीलची स्प्रिंग असते, म्हणजे दोन केबलच्या फील्डमधे (विद्युत क्षेत्रात) मीच हाताने धातू नेऊन ठेवला असता, आणि फील्ड धातूपाशीच एकवटतं. सासूबाई म्हणाल्या, "सुंभान बांध मगे." सुंभ म्हणजे काथ्या, पावसाळ्यात नुसता पाणी पितो, तोही बाद. शेवटी काहीच लावलं नाही, केबल हाताने लांब लांब ठेवायचे आणि चालवायचे. इथेच गाडी घसरली.

जूनच्या शेवटी एक काकी गुडघ्यासाठी यायच्या. मासळी विकतात, वय साठच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले. पॅड लावले, मशीन चालू केलं, काटा नेहमीसारखा अर्ध्यावर. काकी म्हणतात, "म्याडम, वायच वाढवा मगे, कायच लागणा नाय. पैशे देतंय मां मी?" मी नॉब एक घर वाढवला. एवढ्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला. खोलीच्या दारात उभी राहून मी त्यांना आउटपुट कसा पडलाय ते तावातावाने सांगतेय, आणि आत एक केबल घसरून काकींच्या मांडीवर जाऊन पडली. साडीवरून. काकी गप्प. वेळ संपल्याची बेल वाजली तेव्हा बघितलं तर मांडीवर तीन बोटं लांबीचा लाल पट्टा. माझ्या पोटात गोळा. थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, फोड आला नाही, दोन दिवसांत गेलं. पण काकी म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही: "थंय लागत होता थोडा, पण माका वाटला मशीनच काम करता."

म्हणजे चटका बसतोय हे त्यांना कळत होतं, त्यांनी तो औषध समजून सोसला. आपल्याकडे शेक म्हणजे जेवढा कडक तेवढा गुणकारी असं डोक्यात पक्कं बसलंय, तव्यावर वाळू भाजून शेकणारी माणसं ही. मी सुरुवातीला सांगायचे "गरम लागलं तर सांगा". चुकीचं वाक्य आहे हे. आता मी सांगते, "उन्हात वाळवलेली गोधडी अंगावर घेतल्यासारखं कोमट लागलं पाहिजे. त्याच्यावर गेलं, टोचलं, एकाच जागी लागलं, तर मला हाक मारा, नाहीतर भाजेल." भाजेल हा शब्द मुद्दाम वापरते. घाबरतात थोडे, घाबरू देत. आणि पॅड चालू असताना फोन घेत नाही, खोली सोडत नाही, मशीन आणि केबलपासून मीटरभर लांब खुर्ची टाकून बसते. आमची मदतनीस पोरगी पाचव्या महिन्यात आहे, तिला तर त्या खोलीत मशीन चालू असताना पाय ठेवू देत नाही, ती बाहेर नावं लिहिते.

तर कोल्हापूरचे दादा जुलैत आले एकदाचे. मी सगळा राग काढायच्या तयारीत. त्यांनी मशीन उघडलंच नाही आधी. केबलच्या पिना ओढून काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या, हिरव्या झालेल्या, देवघरातल्या न घासलेल्या समईसारख्या. खारा वारा. बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पुसल्या, परत घट्ट बसवल्या. मग म्हणाले, "मॅडम, क्लिपा कुठायत?" मी गप्प. त्यांनी केबल जवळ आणून दाखवल्या, काटा पडला. लांब केल्या, वर. केबल एकमेकींच्या जवळ आल्या की फील्ड त्यांच्या मधेच एकवटतं, ट्यूनिंग हलतं, पेशंटपर्यंत कमी पोचतं, आपण नॉब वाढवतो, आणि मग पेशंट हलला की केबल सरकून ट्यूनिंग आपोआप जुळतं आणि एकदम भसकन गरम. अर्ध्या तासात ट्यूबलाईट लख्ख. आत काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. १,८०० अधिक प्रवास, घासायच्या कागदाचे.

म्हणून जूनचं शीर्षक खोडलं. मशीनला मी सहा आठवडे उगाच शिव्या दिल्या. पण कंपनीला दिलेल्या मागे घेत नाही, कारण ज्या तुकड्यावर पेशंटची कातडी अवलंबून आहे तो तुकडा इतका ठिसूळ करायचा आणि वर त्याला कन्झ्युमेबल म्हणायचं, याला काय म्हणावं. पॅड झिजतात मान्य, पण क्लिप?

सध्याची माझी क्लिप: भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा जुना बोर्ड होता, मधे खड्डा पडलेला, त्याच्या वीतभर लांबीच्या पट्ट्या हॅकसॉने कापल्या, दोन्ही टोकांना केबलच्या मापाच्या खाचा केल्या आणि कडा घासून घेतल्या. पाणी धरत नाही, धातू नाही, केबल खाचेत कच्चकन बसते. दोन केल्या, दोन जादा. खर्च शून्य.

आता बाकीचं, किनाऱ्यावर हे मशीन घेणाऱ्यांसाठी.

टॉवेल. पॅड आणि कातडीच्या मधे सुका टॉवेल हवा हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात, पण शिकवणाऱ्यांनी कोकणातला जुलै बघितलेला नसतो. इथे टॉवेल सुकतच नाही, सुकल्यासारखा वाटतो फक्त. ओला कपडा किंवा घाम असला की ऊर्जा तिथेच गोळा होते आणि कातडी पोळते. मी जाड टर्किश टॉवेल बंद केले, सुती पंचे आणले, पातळ असतात, लवकर वाळतात, हव्या तेवढ्या घड्या घालता येतात. प्रत्येक पेशंटआधी इस्त्री फिरवते आणि गालाला लावून बघते, थंड लागला तर अजून ओल आहे. पंचे कपाटात आणि कपाटात शून्याचा बल्ब. नायलॉन, टेरिकॉट नको, घाम शोषत नाही. आणि पाच मिनिटांनी एकदा मशीन शून्यावर आणून पंचा उचलून हात फिरवून बघते, घाम आला असेल तर पुसून परत. लोकांना वाटतं म्हातारी झाले, संशयी झाले. असो.

खाट. लोखंडी कॉट आधीच होती, मला वाटलं वर जाड गादी टाकली की झालं. नाही झालं. फील्डला गादी दिसत नाही, लोखंड दिसतं. सुताराकडून फणसाच्या लाकडाचं बाकडं करून घेतलं, खिळे नको म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग लाकडी खुंट्या मारून दिल्या. खर्च झाला पण मशीनपेक्षा ते बाकडंच जास्त टिकणार. गुडघ्याच्या पेशंटला साधी प्लॅस्टिकची खुर्ची पुरते.

दागिने. घड्याळ, साखळी काढतात. मंगळसूत्र काढायला कां-कूं करतात, मग मी सासूबाईंना आत बोलावते, त्या समजावतात. जोडवी, कमरेची चांदीची साखळी, दंडातला ताईत, ब्लाउजचे हूक, हे आपण विचारावं लागतं. कानातलं मशीन काढून पार बाजूच्या खोलीत. कंबरेला लावायचं असेल तर कॉपर-टी आहे का, पाळी चालू आहे का, दिवस गेलेत का, हे सरळ विचारते.

शरीरातला धातू मात्र लोक सांगत नाहीत. लपवत नाहीत, विसरतात. एक जण म्हणाला काही नाही, मग पँट वर केल्यावर नडगीवर लांबलचक शिवण दिसली, बारा वर्षांपूर्वी हायवेवर बाईक घसरलेली, रॉड अजून आत. आता मी "ऑपरेशन झालंय का" विचारत नाही, "प्लास्टर, टाके, अपघात काय काय झालंय जन्मात" असं विचारते. पेसमेकर असेल तर दारातूनच परत, त्यात चर्चा नाही. मेंदूत किंवा मणक्यात वायर बसवलेली असेल तर तसंच. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००२ मध्ये याबद्दल इशारा काढला होता, मेंदूत स्टिम्युलेटर (वायरीतून विजेचे बारीक झटके देणारं यंत्र) असलेले दोन पेशंट डायथर्मीनंतर दगावले होते. आणि यंत्र बंद असलं किंवा काढून टाकून नुसती वायर आत राहिली असली तरी धोका तोच. इथे असा पेशंट कुठून येणार असं मलाही वाटायचं, पण गणपतीला मुंबईहून सगळी चाकरमानी मंडळी येतात, बारा-चौदा तास बसून आलेल्या कंबरा घेऊन, त्यातले कोण काय बसवून आलेत आपल्याला काय माहीत.

शुगरवाल्यांना आधी दोन टेस्ट ट्यूब, एकात फ्रीजचं पाणी, एकात थर्मासमधलं, डोळे मिटून सांगायचं कुठली थंड. ज्याला सांगता येत नाही त्याला चटकाही कळणार नाही, म्हणून त्याला मशीन नाही. एक गुरुजी यावर माझ्यावर रुसले आणि दुसरीकडे जाऊन शेक घेऊन आले म्हणे. मी काय करणार.

लाईट गेली की आधी नॉब शून्यावर, मग पॅड बाजूला, मग पेशंटशी गप्पा. इन्व्हर्टरवर चालवू नका, दादांनी हात जोडून सांगितलंय. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात आहे, एप्रिल-मेमध्ये ठणठणीत सुकतो, आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतते.

एक कबुली. गुडघ्याला खरा फरक व्यायामाने पडतो, मशीन वीस मिनिटं आराम देतं आणि माणूस व्यायामाला तयार होतो, एवढंच त्याचं काम. पण नुसता व्यायाम शिकवला तर लोक पैसे द्यायला कुरकुरतात. त्या हिशेबाने मशीनने स्वतःची किंमत वसूल केलीये.

पाचपैकी साडेतीन. क्लिपसाठी एक कापला, व्हिजिट चार्जसाठी अर्धा.

ताजा कलम: काकींच्या प्रकारानंतर नाक मुठीत धरून तो ९४० चा सेट मागवला होता, तो काल आला. सहाच्या सहा क्लिपा जुन्या मॉडेलच्या, आमच्या केबलला सैल. बोर्डाच्या पट्ट्याच लावल्यात.