'इंजिन कागदासकट देतो' म्हणाला, आणि फिटनेसला गाडी अडकली

जुनं इंजिन 'कागदासकट' देतो म्हणणारे सोलापुरात हल्ली बरेच झालेत. त्यातल्या एकाने मला दोन लाख ऐंशी हजारांना गंडवलं. काम इतकं सफाईने केलं होतं की ते थेट आरटीओच्या फिटनेस तपासणीतच उघडं पडलं, तोवर गाडी रस्त्यावर मजेत पळत होती. ज्यांची बीएस-सिक्स (भारत स्टेज सहा, म्हणजे धुराच्या कडक मर्यादेची) गाडी आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा.

माझी दहा चाकी, २०२२ चं मॉडेल. मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला जायची, येताना मिळेल तो माल. नळदुर्गच्या पुढे कूलंटचा पाइप फुटला आणि ड्रायव्हरला कळेपर्यंत इंजिन सीझ. कनेक्टिंग रॉडने ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, भगदाड पाडलं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नव्या इंजिनाचा अंदाज साडेसहा लाखांच्या वर सांगितला, शिवाय माल यायला वेळ लागेल म्हणाले. फायनान्सवाला थोडाच थांबतो?

हैदराबाद रोडवरच्या एका गॅरेजवाल्याचं नाव दोघातिघांनी सुचवलं. गोड माणूस. चहा मागवला आणि म्हणाला, "मालक, कशाला कंपनीच्या नादाला लागता? दिल्लीत जुन्या गाड्या बंद झाल्यात, तिकडून इंजिनं येतायत रग्गड. सेम टू सेम बसतंय बघा. बिल देतो, आरटीओत चढवूनपण देतो."

दिल्लीचं तो खोटं बोलत नव्हता. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-थ्री आणि त्याखालच्या मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे प्रवेश नाही, बीएस-फोरला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुभा आहे. पण मग त्या बंदीमुळे स्वस्तात निघालेलं इंजिन थ्रीचं नाहीतर फोरचंच असणार ना! सिक्सच्या गाडीला कुणी अडवलेलंच नाही, तर तिचं इंजिन भंगारात कशाला येईल?

मला जे बसवलं ते बीएस-फोरचं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन, त्यामुळे माउंटिंग जुळतं, बाहेरून फरक कळत नाही. माझ्याच फुटक्या इंजिनावरचे इंजेक्टर, टर्बो, सेन्सर काढून त्याच्यावर चढवले. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मोठ्या डिझेल इंजिनाला बीएस-फोरमध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-सिक्समध्ये ती ०.४ वर आली. काजळीची मर्यादाही निम्म्यावर आली. त्या हिशेबाने पिस्टनपासून कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमपर्यंत सगळं नव्याने बेतलेलं असतं. जुनं इंजिन जास्त काजळी फेकणार, ती सायलेन्सरमधल्या डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या, जाळीत साठणार, आणि गाडी घडीघडी ती जाळायला बसणार. तसंच झालं. चेक लाइट लागली, चढावर गाडी ओढेना.

परत त्याच्याकडे नेली. संध्याकाळी गाडी तयार, लाइट गायब, ओढ झकास! "सेन्सर साफ केला," म्हणाला. ड्रायव्हर तर खुशीत, म्हणे आता युरियापण लागत नाही. शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर युरिया पिणारी गाडी एकदम युरिया प्यायची थांबते, हे लक्षण चांगलं नसतं. युरियाचं ते द्रावणच धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मारतं. ते संपलं की कॉम्प्युटर गाडीची ताकद कापतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर गाडी रांगायला लागते. युरियाशिवाय ती पळतेय म्हणजे कॉम्प्युटरला कुणीतरी थाप मारतंय.

फिटनेसला नेली तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनी डिझेलच्या फडक्याने ब्लॉकवरचा नंबर पुसला, वर कागद धरून पेन्सिल घासली. छाप मला दाखवली. कंपनीचा नंबर एका ओळीत, एकसारख्या खोलीचा असतो. इथे शेवटचे तीन आकडे किंचित खाली घसरलेले, आणि आकड्यांच्या मागे ग्राइंडरच्या तिरक्या रेघा. मूळ नंबर घासून त्यावर माझ्या आरसीवरचा नंबर ठोकला होता! 'आरटीओत चढवून देतो' म्हणजे हे. मग साहेबांनी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचं तोंड आतून जवळपास स्वच्छ असतं, हे मला तिथे कळलं. ही परीक्षा फुकट आहे, सेकंडहँड बीएस-सिक्स गाडी घेतानाही करा (इंजिन थंड असताना, नाहीतर बोट भाजेल).

धुराची मशीन लावली, गाडी नापास. बीएस-फोर डिझेलला धुराचा आकडा १.६२ पर्यंत चालतो, बीएस-सिक्सला फक्त ०.७. गॅरेजवाल्याने त्याच्या ओळखीतून आणून दिलेलं पीयूसी माझ्या खिशात होतं, त्यावर आकडा झकास. नळी सायलेन्सरात न घालताच ते निघालं असणार.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी उघडली. सायलेन्सरचा डबा कापून, आतली जाळी काढून परत वेल्डिंग मारलेलं, वर चंदेरी रंग. वायरिंगमध्ये काडेपेटीएवढी एक डबी, तिचं काम एकच, युरिया नीट चाललाय असं कॉम्प्युटरला सांगत राहणं. आणि जाळी गेली कुठे? त्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा थर असतो, भंगारात त्याला चांगला भाव येतो. म्हणजे माझी दुरुस्ती करताना त्याने माझाच माल काढून विकला आणि वर मजुरी घेतली.

जाब विचारायला गेलो तर सूर बदललेला. "इंजिन तुम्ही पसंत केलं, गाडी तुमच्या नावावर." यातलं दुसरं वाक्य दुर्दैवाने बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नोंद करणं ही मालकाची जबाबदारी, मिस्त्रीची नाही. परवानगी नसलेला फेरबदल केला तर कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही, मालकालाच. प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे दंड दहा हजारांपर्यंत. आणि नंबर जुळला नाही की अपघातात विमा कंपनीला पैसे नाकारायला कारण आयतंच मिळतं.

इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा, कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र घ्या. इंजिन त्याच मेकचं, आरसीवर आहे त्याच भारत स्टेजचं हवं. जीएसटी बिलावर इंजिन नंबर, आणि तो नंबर बसवण्यापूर्वी स्वतः ब्लॉकवर वाचायचा. नंबर मिळाला की एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत टाकून बघा, चोरीच्या गाडीचं असेल तर तिथे कळू शकतं. 'तुमचाच नंबर मारून देतो' हे शब्द ऐकले की गाडी उचलून निघा, टोइंगचे पैसे गेले तरी चालतील.

वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार, ती दिली आहे. दुसरी जिल्हा ग्राहक आयोगात. तिथे 'ट्रक म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही' अशी हरकत येते, पण स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे. एकच गाडी असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी बिल, मोबाइलवरचे मेसेज, कापलेल्या डब्याचे फोटो आणि सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट जोडलाय.

एक गोष्ट आरटीओत विचारली तेव्हा मी चपापलो: "तुमचा जुना ब्लॉक कुठंय?" तो गॅरेजवाल्याने भंगार म्हणून बिलातून आठ हजार वजा करून ठेवून घेतला होता. त्याच्यावर माझा खरा नंबर आहे. भगदाड वेल्डिंगने बुजवून तो कुणाच्या चोरीच्या गाडीत गेला तर चौकशी माझ्या दारात येणार. म्हणून पोलिसांच्या तक्रारीत तो नंबर आणि ब्लॉक परत मिळावा ही मागणी वेगळी लिहून दिली, त्याची पोच घेतली, आणि तिची प्रत आरटीओत आणि विमा कंपनीकडेही दिली.