टी-शर्टसाठी ट्रान्सफर निवडताना: व्हिनाइल, डीटीएफ की सब्लिमेशन?

हीट प्रेस, म्हणजे तयार चित्र (ट्रान्सफर) उष्णतेने आणि दाबाने शर्टावर उतरवणारं मशीन, घेऊन झाली, आता तिच्याखाली काय ठेवायचं हे ठरत नाही, अशा टप्प्यावर असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. मी सुरुवात व्हिनाइलने केली, म्हणजे रंगीत प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं कापून ती शर्टावर चिकटवायची. मध्ये सब्लिमेशन करून पाहिलं आणि आता बरंचसं काम डीटीएफवर (डायरेक्ट-टू-फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग शर्टावर उतरवणं) करतो.

सब्लिमेशनचा निर्णय कापडच करून टाकतं. साधारण 190 ते 200 अंशांवर शाईचा वायू होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. छपाई हाताला लागतच नाही, तिला भेगाही पडत नाहीत. पण पांढरी शाई नसते, म्हणून कापड पांढरं किंवा फिकटच हवं, आणि सुती कापडावर रंग धुण्यात निघून जातो. फक्त पांढऱ्या पॉलिस्टरच्या जर्सी करणार असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, सब्लिमेशनच घ्या.

सुती आणि गडद शर्ट म्हटले की खरी निवड व्हिनाइल आणि डीटीएफमध्ये उरते.

व्हिनाइलबद्दल मला आदर आहे. रंग भरीव, कडा धारदार, आणि एकच शर्ट करायचा असला तरी हात आखडत नाही. माझ्याकडचा पहिला व्हिनाइलचा शर्ट कापडाने विटला, पण पाठीवरचा आकडा जागचा हललेला नाही. अडचण कापल्यानंतर सुरू होते. अक्षरांभोवतीचा नको तो भाग हुकने सोलून काढायचा, म्हणजे वीडिंग. ठसठशीत रोमन अक्षरांना त्याचं काही वाटत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना धरून राहतात आणि अनुस्वार तेवढा एकटा पडतो. एका धावणाऱ्या गटासाठी चाळीस शर्ट केले होते, छातीवर छोट्या अक्षरांत ‘स्वच्छंद’. ‘छ’वरचं ते दीड-दोन मिलिमीटरचं टिंब दर दोन-तीन शर्टांमागे सोललेल्या भागाबरोबर उचललं जायचं. मग चिमटा, भिंग आणि पुन्हा जागेवर बसवणं. रात्र गेली, तरीही दोन शर्टांवर ‘स्वच्छद’ गेलंच, आणि घेणाऱ्यांनी ते दाखवलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. शुद्धलेखन चुकलेला शर्ट माणूस अंगावर मिरवणार कसा?

डीटीएफमध्ये हा प्रश्नच येत नाही. फिल्मवर रंग, त्यावर पांढरा थर, आणि ओल्या शाईला चिकटणारी गोंदाची भुकटी. जिथे शाई तिथेच गोंद, त्यामुळे सोलायचं काही नसतं. साधारण 150 ते 160 अंश, दहा-पंधरा सेकंद दाब, फिल्म सांगेल तशी गरम किंवा गार झाल्यावर ओढायची, आणि वर कागद ठेवून पुन्हा एकदा थोडा दाब. हा दुसरा दाब टाळू नका, माझ्या अनुभवात धुण्यातला फरक तिथेच पडतो.

दोषही आहेत. छातीभर भरीव चौकोन छापलात तर तो ठिगळासारखा लागतो आणि त्याखाली घाम येतो. मी चित्रात मोकळ्या जागा सोडतो आणि कापडाचाच रंग पार्श्वभूमी म्हणून वापरतो. केसासारख्या सुट्या रेषांवर भुकटी पुरेशी बसत नाही, तेव्हा त्या थोड्या जाड करा. आणि सुरुवातीलाच प्रिंटर घेऊ नका. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसतं, मशीन रोज चाललं नाही तर शाई सोडणारं हेड तुंबतं. मी फिल्म बाहेरून छापून आणतो. मोठ्या शीटवर मुख्य चित्रांच्या फटींत गळ्यामागची छोटी लेबलं बसवली की जागा वाया जात नाही.

एकाच चित्राचे शेकड्यांनी शर्ट असतील, रंगही एक-दोनच असतील, तर जाळीच्या स्क्रीनमधून घट्ट प्लास्टिसोल शाईने छापलेले ट्रान्सफर जरूर विचारात घ्या. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून थोड्या नगांना ते जड जातं.

व्हिनाइल कापणारं मशीन, म्हणजे प्लॉटर, मी ठेवलाय. पाठीवरची नावं-आकडे, चमकीचं आणि प्रकाश परतवणारं व्हिनाइल यांसाठी तो लागतोच. बारीक देवनागरी मजकूर आला की फाइल डीटीएफकडे जाते.