चार कॅमेऱ्यांचा तयार संच: कॅमेरे ठीक, वायर मात्र बदलून घ्या

सांगलीत दुकान-गोदामासाठी सीसीटीव्ही विचारला की बहुतेक ठिकाणी ठरलेलं खोकं पुढं येतं: २.४ मेगापिक्सेलचे चार अ‍ॅनालॉग एचडी कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), १ टीबी हार्ड डिस्क, एसएमपीएस (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा पुरवठा), ९० मीटर ‘थ्री प्लस वन’ वायर (चित्र आणि वीज एकत्र नेणारी) आणि कनेक्टर. मार्केट यार्डातल्या मध्यम अडत दुकानाला हे पुरतं, पण आहे तसं नाही.

कॅमेऱ्यांबद्दल तक्रार नाही. पहिला घोळ डीव्हीआरचा. खोक्यावर १०८०पी छापलेलं, पण स्वस्त डीव्हीआर साठवतो १०८०एन, म्हणजे १९२० च्या जागी ९६० पिक्सेल रुंदी. ३.६ मिमी लेन्स असली तर अनोळखी चेहरा नीट ओळखू येतो तो दोन-अडीच मीटरपर्यंतच. पैसे देण्याआधी रेकॉर्डिंगचं सेटिंग उघडून दाखवायला सांगा, आणि दारावरचा एक कॅमेरा ६ मिमी लेन्सचा घ्या, त्यात कमी जागा दिसते पण चेहरा मोठा येतो.

खरी रड वायरची. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं खरवडलं की आत पांढरं दिसतं. दिवसा सगळं छान चालतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांबच्या टोकाला १२ व्होल्टचे नऊ-दहाच पोचतात आणि चित्र लोळतं किंवा जातंच. मग कॅमेरा बदलला जातो, आणि नवाही तसाच वागतो. मीटर लावून बघायचं ते कॅमेऱ्याच्या टोकाला, रात्री, दिवे चालू असताना. शुद्ध तांब्याची वायर महाग पडते, तरी तीच घ्या. शेड फार लांब असेल तर सरळ आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे) आणि पीओई (त्याच केबलमधून वीज): तिथं ४८ व्होल्टच्या आसपास पुरवठा असल्यानं करंट कमी, त्यामुळे कॅट-६ नेटवर्क केबलवर १०० मीटरपर्यंत हा त्रास नाही.

हळदीच्या गोदामात डोम (घुमटासारख्या काचेचा कॅमेरा) नको. त्याच्या काचेवर भुकटी बसली की इन्फ्रारेडचा उजेड परत लेन्सवर येतो आणि रात्रभर पांढरं धुकं दिसतं. बुलेट (नळीसारखा कॅमेरा) लावा, काच पुसायची सवय ठेवा. कोळ्याची जाळी काढली नाहीत तर मोशन रेकॉर्डिंग (काही हललं की सुरू होणारं) त्यांच्या हलण्यानंच भरतं.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी, चौघांचे ८६, म्हणजे १ टीबीत अकरा दिवस. महिनाभराचं हवं असेल तर ३ टीबी लागतील, तेही सर्व्हेलन्सची डिस्क. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

२००५ आणि २०१९ ला जिथं पुराचं पाणी चढलं तिथं डीव्हीआर माळ्यावर ठेवा. आणि बिलाबरोबर अॅडमिनचा पासवर्ड स्वतःच्या हातानं बदलून घ्या.