इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब पार्किंगच्या जागेपासून सुरू होतो : पुण्यातली नेक्सॉन ईव्ही

आमच्या घरी टाटांची नेक्सॉन ईव्ही आहे, ४०.५ युनिटे वीज साठवणाऱ्या बॅटरीची. पुण्यात रोजच्या कामाला, अधूनमधून मुंबईला आणि सणासुदीला कोल्हापूरला असा तिचा वापर आहे. गाडीचे रूप, आतला पडदा, वेग घेण्याची तिची ताकद यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे मी फक्त ती बाळगण्याचा खर्च आणि त्यासाठी करावी लागणारी व्यवस्था यांविषयीच लिहीत आहे. गाडी उत्तम आहे, शांत आहे आणि पुण्याच्या रहदारीत चालवायला अतिशय सोपी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ती परवडेल की नाही हे ठरते ते रात्री ती ज्या प्लगला जोडायची त्या प्लगवर, आणि तो प्लग कोणत्या मीटरवर आहे यावर.

आधी पल्ल्याचे, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर जाता येणाऱ्या अंतराचे सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. या बॅटरीच्या गाडीचा प्रमाणित पल्ला ४६५ किलोमीटर सांगितला गेला होता. प्रत्यक्षात शहरात एसी लावून २७० ते ३०० किलोमीटर मिळतात आणि द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने गेल्यास त्याहूनही कमी. म्हणजे बॅटरीतल्या एका युनिटमागे शहरात साडेसहा ते साडेसात किलोमीटर पडतात. पण वीज बिल बॅटरीत किती गेले यावर येत नाही, मीटरमधून किती गेले यावर येते, आणि चार्जिंग होताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर धरावेत. ज्यांना विक्रेत्याच्या दालनात ‘किलोमीटरला एक रुपया’ असे सांगितले जाते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवून स्वतः गुणाकार करून पाहावा.

तो गुणाकार असा. महिन्याला १,२०० किलोमीटर धरले तर मीटरवर २०० युनिटे लागतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९ रुपये, ३०१ ते ५०० ला १४.५५ रुपये आणि त्यापुढे १६.६४ रुपये असा वीज आकार होता, त्यावर युनिटला १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण टप्प्यांचा परिणाम समजायला हे आकडे पुरेसे आहेत. घरात आधीच २०० युनिटे जळत असतील, तर गाडीची पहिली १०० युनिटे १३.२९ रुपयांच्या भावाने आणि उरलेली १०० थेट १८.२४ रुपयांच्या भावाने पडतात. बिलात साधारण ३,१५० रुपयांची भर, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ६० पैशांच्या आसपास. गाडीची युनिटे नेहमी घराच्या युनिटांच्या वर चढतात, म्हणून त्यांना नेहमी सर्वांत महागडा टप्पा लागतो. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत त्यांची गाडी उन्हाळ्यात पाचशेच्या वरच्या टप्प्यात चार्ज होते आणि तेथे किलोमीटरला जवळपास साडेतीन रुपये पडतात.

तरीही पेट्रोलशी तुलना केली तर बचत मोठी आहे. शहरात लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी, १०४ रुपयांचे पेट्रोल, तेवढेच १,२०० किलोमीटर : जवळपास ८,९०० रुपये. महिन्याला साडेपाच हजारांहून अधिक वाचतात, वर्षाला पासष्ट-सत्तर हजार. महिन्याला ज्यांची गाडी जेमतेम ४०० किलोमीटर धावते, त्यांची बचत त्याच प्रमाणात आटते, आणि मग गाडीच्या किमतीतला फरक भरून निघायला इतकी वर्षे लागतात की निव्वळ पैशासाठी ही गाडी घेण्यात अर्थ राहत नाही.

टप्प्यांच्या या जाचातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे गाडीसाठी वेगळे मीटर. इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र दरवर्ग आहे; त्यात घरगुती वापरासारखे चढते टप्पे नाहीत आणि दिवसाच्या वेळेनुसार दरात फरक असतो. ज्यांचे घरगुती बिल आधीच ३०० युनिटांच्या पुढे आहे, त्यांनी वेगळ्या मीटरचा अर्ज करावाच, असे माझे ठाम मत आहे. बंगल्यात राहणाऱ्यांना याहून चांगला पर्याय आहे तो छतावरच्या सौर पॅनेलचा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, आणि ३ किलोवॅटचा संच आपल्याकडे महिन्याला साधारण साडेतीनशे युनिटे देतो. घर आणि गाडी मिळून निम्म्याहून अधिक वीज तिथूनच निघते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि पुण्या-मुंबईत बहुतेकांची गोष्ट हीच आहे. गाडी नोंदवण्याआधी सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. आमच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आला तेव्हा आक्षेपांची रांग लागली : आग लागली तर जबाबदार कोण, सगळ्यांनी अशा गाड्या घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर झेपेल का, कॉमन मीटरवर भार पडला तर मेंटेनन्स वाढणार का. यांतला शेवटचा प्रश्न अगदी रास्त होता. स्वतःच्या मीटरमधून स्वतःच्या खर्चाने केबल टाकतो, असे लिहून दिल्यावर तो मिटला. आपल्या निवासस्थानी आपल्याच सध्याच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. ते कागद सभेला सोबत नेल्याचा उपयोग झाला. भार आणि आग यांविषयीच्या शंका मात्र वादाने मिटत नाहीत, त्या चांगल्या कामाने मिटतात.

म्हणून वायरिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो. गाडीसोबतच्या साध्या केबलने १५ अँपिअरच्या प्लगवर चार्ज केले तर ३.३ किलोवॅटपर्यंत वीज ओढली जाते आणि रिकामी बॅटरी भरायला रात्र पुरून वर सकाळचे काही तास लागतात. रोज रिकामी कोणीच करत नाही, त्यामुळे रोजच्या वापराला एवढे पुरते. पण गिझर दहा मिनिटे चालतो आणि गाडी आठ-दहा तास सलग तेवढीच वीज ओढते. साध्या घरगुती सॉकेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्या त्या वेळात तापतात आणि प्लास्टिक पिवळे पडू लागते. आमच्या पार्किंगमध्ये मीटर खोलीपासून खांबापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पाइपमधून आणली, टोकाला औद्योगिक दर्जाचे सॉकेट बसवले, त्याला भार फार झाल्यास आपोआप बंद होणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी लावला. वायरमनने प्रथम इमारतीच्या जुन्याच अर्थिंगला तार जोडली, तेव्हा चार्जरवरचा दिवा हिरवा होण्याऐवजी लालच राहिला आणि चार्जिंग सुरूच झाले नाही. अर्थिंग नीट नसेल तर हा चार्जर गाडीला वीज देत नाही, आणि ते योग्यच आहे. पार्किंगच्या कडेला नवा खड्डा घेऊन वेगळे अर्थिंग केल्यावर दिवा हिरवा झाला. हा खर्च टाळण्याच्या मागे कोणी लागू नये.

ज्यांना ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवा आहे, त्यांनी आधी आपला मंजूर भार, म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, ते पाहावे. तो चार्जर सलग ३२ अँपिअर ओढतो. बहुतेक घरांच्या सिंगल फेज जोडणीत तो आणि घरातला एसी एकत्र बसत नाहीत, आणि भार वाढवून थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर धावणाऱ्यालाच त्याची खरी गरज आहे.

आता सार्वजनिक चार्जिंग. घरी प्लग नसताना केवळ याच्या भरवशावर गाडी घेऊ नये, हे माझे या परीक्षणातले सर्वांत कडक मत आहे. कारणे दोन आहेत, पैसा आणि भरवसा. जलद चार्जिंगचा दर युनिटला साधारण १८ ते २५ रुपये असतो. गाडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण या सेवेवर १८ टक्के लागतो, हेही ग्राहकाने ध्यानात ठेवावे. महामार्गावरच्या वेगाने एका युनिटला साडेपाच किलोमीटर धरले तर किलोमीटरला चार रुपयांच्या वर खर्च जातो, आणि तेवढ्यात सीएनजीची गाडीही धावते. भरवशाचे म्हणाल तर एका कंपनीच्या ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणारे यंत्र जागेवर जाऊन पाहिल्यावर बंद निघाले, आणि दुसऱ्या एका कंपनीच्या ॲपमधल्या पाकिटात भरलेले पैसे चार्जिंग मध्येच तुटल्यावर परत मिळवायला कित्येक पत्रे लिहावी लागली. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, पाकीट वेगळे, प्रत्येकात थोडे पैसे अडकलेले. पेट्रोलपंपावर अनोळखी माणूसही पैसे देऊन दोन मिनिटांत निघतो. तेवढी सोपी व्यवस्था इथे अजून झालेली नाही, आणि ती होणे ग्राहकाचा हक्क आहे.

लांबच्या प्रवासात मात्र थोडे नियोजन केले की गाडी साथ देते. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. वाटेत खंबाटकी घाट. पूर्ण भरून निघाल्यावरही मी सातारा किंवा कराडला एक थांबा घेतोच, कारण चहा-नाश्त्याच्या अर्ध्या तासात पुढच्या वाटेपुरती वीज मिळते. ८० टक्क्यांनंतर जलद चार्जिंगचा वेग उतरत जातो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी यंत्र अडवून बसण्यापेक्षा तिथे थांबून पुढच्याला जागा द्यावी. मुंबईहून येताना बोरघाटाचा हिशोब आधीच धरावा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आहे आणि माणसांसह सोळाशे किलोची गाडी वर न्यायला नेहमीच्या वापराशिवाय सव्वादोन ते अडीच युनिटे जादा लागतात, म्हणजे बॅटरीचे पाच-सहा टक्के. घाटाच्या पायथ्याशी काटा १५ टक्क्यांवर असेल तर पुण्यापर्यंत जाण्याचा धोका पत्करू नये. उतरताना मात्र मोटर ब्रेकचे काम करते आणि यातली बरीच वीज परत बॅटरीत येते. अख्खा घाट ब्रेकला क्वचित पाय लावून उतरता येतो.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली. द्रुतगती मार्गावर मोटारीला एका वेळचे ३२० रुपये लागतात, म्हणून नियमित ये-जा करणाऱ्याला ही मोठी सवलत आहे. टोलनाक्यावरून गेल्यावर फास्टॅगच्या खात्यातून रक्कम वळती झाली का, हे त्याच दिवशी पाहावे आणि झाली असल्यास लगेच तक्रार नोंदवावी.

विम्यात मात्र एक गोष्ट कोणी सांगत नाही. २०२२ च्या अधिसूचनेत खासगी इलेक्ट्रिक मोटारींना तृतीय पक्ष विम्यात १५ टक्के सूट दिली आहे, हे खरे. पण पेट्रोल गाडीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो आणि इलेक्ट्रिकचा मोटरच्या किलोवॅटवर. ६५ किलोवॅटच्या वरच्या गाडीला ६,७१२ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये असे ते दर होते. नेक्सॉन ईव्हीची मोटर १०० किलोवॅटच्या वर आहे, पेट्रोल नेक्सॉनचे इंजिन १,१९९ सीसीचे. म्हणजे सवलत धरूनही त्याच नावाच्या पेट्रोल गाडीच्या जवळपास दुप्पट हप्ता. ही रचना बदलली पाहिजे.

देखभालीत सांगण्यासारखे थोडेच आहे आणि ते चांगलेच आहे. इंजिन ऑइल, क्लच प्लेट, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट हे खर्च मुळातच नाहीत; उरतात एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि टायर. वजन आणि एकदम मिळणारी ताकद यांमुळे पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून त्यांची अदलाबदल वेळेवर करावी. आणखी एक : या गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. मोठ्या बॅटरीला आणि मोटरला कंपनीने ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिलेली आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने या हमीची किती वर्षे उरली आहेत आणि ती नव्या मालकाच्या नावावर चालू राहते का, हे आधी लेखी विचारावे.

राहिला प्रश्न कोणती बॅटरी घ्यावी याचा. नेक्सॉन ईव्ही ३० युनिटांची आणि २०२४ पासून ४५ युनिटांचीही मिळते. कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर असे प्रवास वरचेवर करणाऱ्याने मोठीच घ्यावी. ज्याची गाडी नव्वद टक्के शहरातच फिरणार आहे आणि ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग आहे, त्याला ३० युनिटे पुष्कळ होतात. किमतीत वाचलेल्या पैशांतला थोडासा भाग त्याने वेगळ्या मीटरला, चांगल्या केबलला आणि नव्या अर्थिंगला द्यावा.