रानमांजराचं टार्टन: स्वतः डिझाइन करून विणून घेतलेल्या कापडाचा वापरानंतरचा अनुभव

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला राहायला आल्यापासून किल्ट, म्हणजे इथले पुरुष नेसतात तो चुण्यांचा घागरा, शिवून घ्यायचा होता, पण टार्टन, म्हणजे कुळाकुळाची चौकड्यांची नक्षी, कोणाचं घालायचं हे ठरत नव्हतं. मॅकिंटॉश घाला, फ्रेझर घाला, इथे कोणी हटकत नाही. तरी दुसऱ्याच्या कुळाचं कापड आपल्या कमरेला बांधायला माझं मन घेईना. शेवटी कुळाचा नाद सोडला आणि इथल्या डोंगरातलं रानमांजर निवडलं. डिझाइन, नमुना, नोंदणी, विणकाम, शिलाई हे सगळं पार पडून किल्ट घरी आला, त्याला आता वर्ष होत आलं. थंडी, पाऊस, लग्नकार्यं, बर्न्स नाइट आणि इथल्या मराठी मंडळाचा गणपती, सगळीकडे तो नेसून झाला आहे. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

रानमांजरच का, ते आधी सांगतो. स्कॉटलंडमधलं हे ब्रिटनमधलं एकमेव रानटी मांजर. जंगलं गेली, शिकार झाली, आणि जी उरली ती पाळीव मांजरांशी संकर होऊन हरवत गेली. 2019 मध्ये तज्ज्ञांनी स्पष्टच लिहिलं की ही जात आता आपल्या बळावर तगणार नाही. मग किनक्रेगजवळच्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये पिल्लं वाढवून 2023 च्या उन्हाळ्यात 19 मांजरं केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत सोडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांना रानात पिल्लं झाल्याचं दिसलं. ही सगळी धडपड माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चालू आहे. ती बातमी वाचली त्या दिवशीच कापड कुणाचं करायचं हा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

प्राणी निवडणं सोपं, त्याचं टार्टन करणं अवघड. तपकिरी आणि काळ्या चौकड्या हव्या तेवढ्या सापडतात. त्यातल्या कशालाही रानमांजर म्हणता येईल, आणि मग त्या नावाला काही अर्थ उरत नाही. मला आधार मिळाला तो शास्त्रज्ञांच्या ओळखपत्रिकेचा. खरं रानमांजर आणि संकरित मांजर ओळखायला 2005 मध्ये अंगावरच्या सात खुणा ठरवल्या गेल्या. पाठीवरची काळी रेघ शेपटीच्या बुंध्याशी थांबते, शेपटीवर उतरत नाही. शेपटीची कडी ठळक आणि सुटी असतात. शेपटीचं टोक जाड, बोथट आणि काळं असतं. मानेवर चार जाड रेघा, खांद्यावर दोन. कुशीवरचे पट्टे तुटक नसतात, आणि तिथे ठिपके जवळजवळ नसतात. शिवाय पंजांवर किंवा पाठीवर पांढरा रंग दिसला की संकराची शंका घ्यायची.

या यादीनेच माझं अर्धं डिझाइन ठरवलं. पांढरा धागा बाद. मुळात तपकिरी, काळा आणि पोटाचा गेरूकडे झुकणारा पिवळा, एवढे तीनच रंग घेतले. थ्रेड काउंट, म्हणजे कोणत्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने, तो असा: काळा 20, तपकिरी 8, काळा 8, तपकिरी 8, काळा 8, तपकिरी 8, काळा 8, मग तपकिरी 48, काळा 4, तपकिरी 6, काळा 4, तपकिरी 14 आणि शेवटी गेरू 6. पहिला आणि शेवटचा पट्टा हे वळणाचे. तिथून नक्षी उलटी फिरते, आरशात दिसावी तशी. वीस काळे धागे म्हणजे शेपटीचं टोक, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन कडी. चार-चार धाग्यांची जोडी म्हणजे खांद्यावरच्या दोन रेघा. पाठीवरची रेघ मात्र कापडात दाखवता येत नाही, कारण टार्टनमधली रेघ कुठेच थांबत नाही, ती ठाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. म्हणून मी रेघ न काढता तिचं थांबणं दाखवलं. कडी आणि खांदा यांच्यामध्ये 48 धाग्यांची मोकळी तपकिरी जागा ठेवली ती त्यासाठी. पूर्ण आवर्तन 274 धाग्यांचं होतं. माझ्या कापडात इंचाला साधारण 46 धागे आहेत, म्हणजे नक्षी दर सहा इंचांनी परत येते.

आता या सगळ्यातली खरी मेख. टार्टनमध्ये तुम्ही जे रंग निवडता ते कापडात सगळीकडे निव्वळ दिसत नाहीत. उभ्या धाग्यांचा जो क्रम, तोच आडव्यांचा. काळ्यावर काळा आला तरच काळा. काळ्यावर तपकिरी आला की दोघांचं मिश्रण. तीन रंगांतून तीन शुद्ध आणि तीन मिश्र, अशा सहा छटा तयार होतात. पाच रंग घेतले असते तर पंधरा झाल्या असत्या, आणि मांजर त्या गर्दीत हरवलं असतं. विणही ट्विलची, दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जाणारी, दर ओळीला एक धागा पुढे सरकणारी. त्यामुळे मिश्रणाच्या जागी सपाट रंग येत नाही, बारीक तिरक्या रेषा येतात. किल्ट खिडकीशी धरून जवळून पाहिला की काळ्या कड्यांमधून तपकिरी तिरके केस डोकावतात असं वाटतं. रानमांजराचे पट्टेही असेच, कडा न कापलेले, केसांत विरघळणारे. हा परिणाम मी काढलेला नाही, तो विणीने दिला. निखळ काळा मोठा चौकोन सहा इंचांत एकदाच येतो, शेपटीच्या टोकाचा. निखळ गेरू ठिपकाही एकदाच, जेमतेम 3 मिलिमीटरचा. लोक मला विचारतात की रंग कसे निवडलेस. रंगांपेक्षा त्यांचं प्रमाण ठरवण्यात माझा जास्त वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा.

इंटरनेटवर थ्रेड काउंट टाकून टार्टन दाखवणारी साधनं फुकट मिळतात आणि ती उपयोगाची आहेत. पण पडद्यावरचा तपकिरी आणि लोकरीचा तपकिरी यांचा एकमेकांशी संबंध नसतो. गिरणीकडून रंगवलेल्या सुताचं शेड कार्ड टपालाने मागवा आणि ढगाळ दिवशी खिडकीत बसून निवडा. गिरण्या शक्यतो आपल्याकडे तयार असलेल्या सुतातच विणतात. तुमच्यासाठी वेगळी छटा रंगवायची तर खर्च एकदम वर जातो. मी त्यांच्याच कार्डातला गेरू घेतला.

आणि विणलेला नमुना मागवाच. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण संपूर्ण खर्चात मला सगळ्यात जास्त मोल त्याचंच वाटलं. पहिल्या नमुन्यात कडी चार-चार धाग्यांची होती. हातात घेतली तर सुरेख, आणि खोलीच्या पलीकडून पाहिली तर सगळी मिळून एक मळकट पट्टी. आठ धाग्यांची केली तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडूनही सुटी दिसायला लागली. हे कोणत्याही पडद्यावर कळलं नसतं.

नोंदणीबद्दल थोडक्यात. 2008 च्या कायद्याने स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही टार्टनची सरकारी नोंदवही स्थापन झाली, 2009 मध्ये ती सुरू झाली आणि आता ती एडिंबरामधल्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. थ्रेड काउंट, रंग, डिझाइनमागचा विचार आणि नावाशी तुमचा संबंध कळवायचा. मी भरलं तेव्हा शुल्क 70 पौंड होतं. विणलेला तुकडा सक्तीचा नाही. आधीच्या टार्टन्सशी साम्य आहे का ते तिथली माणसं तपासतात आणि सौजन्याने उत्तरं देतात. एक गोष्ट नीट समजून घ्या: नोंदणी म्हणजे कॉपीराइट नव्हे. तुमचं डिझाइन अधिकृत नोंदीत कायमचं राहतं, एवढाच तिचा अर्थ. माझ्या लेखी तेवढं पुष्कळ आहे. नावात मी ‘चॅटन’ हा शब्द मुद्दाम टाळला. मांजराला हातमोज्याशिवाय हात लावू नका असं बोधवाक्य मिरवणारी, चॅटन या नावाखाली एकत्र आलेली ती जुनी कुळं आहेत, आणि त्यांच्या नावावर आपला हक्क नाही.

विणकाम स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातल्या एका गिरणीने केलं. नाव लिहीत नाही, कारण सांगितलेल्या मुदतीपेक्षा बराच उशीर झाला आणि दरवेळी चौकशी मलाच करावी लागली. कापड मात्र निर्दोष आलं. छोट्या ऑर्डरला मीटरचा भाव जास्त पडतो, त्यात फसवणूक नाही. मागावर ताणा लावायला जी मेहनत लागते ती आठ मीटरला आणि साठ मीटरला जवळपास सारखीच. लग्नाची वा मुंजीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून ऑर्डर देणार असाल, तर भरपूर आधी द्या.

कापडाचं वजन मी वाराला 13 औंसाचं घेतलं. 16 औंसाचं कापड चुण्यांना जास्त भारदस्त पडतं, पण इथली घरं आणि हॉल हीटरने इतके तापलेले असतात की नाचताना जीव नकोसा होतो. बाहेर, ॲव्हिमोरकडच्या पाइनच्या रानात, वाऱ्यात चालताना 13 औंस पुरेसं ऊबदार आहे. पावसात भिजला तर ओल्या लोकरीचा वास येतो, पण पाणी चटकन आत शिरत नाही. रात्रभर हँगरला टांगला की सुरकुत्या आपोआप उतरतात. बसून बसून मागच्या चुण्या थोड्या सैल होतात, त्यांना ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री. लोकर गुळगुळीत पिळाची असल्यामुळे गोळे आजवर आलेले नाहीत. काळ्या पट्ट्यांवर कचरा आणि केस दिसतात, ब्रश हाताशी ठेवावा लागतो. एलईडीच्या पांढऱ्या दिव्याखाली गेरू किंचित हिरवट मारतो, हे मला आजही खटकतं. ढगाळ उजेडात तोच रंग उजळून येतो.

चुण्या घालायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाठीमागेही पूर्ण नक्षी जुळवतात. दुसरीत प्रत्येक चुणीवर एकच पट्टा आणतात, ही फौजी पद्धत. मी दुसरी सांगितली आणि शेपटीचा काळा पट्टा मध्ये घेतला. उभं राहिलं की पाठीमागे काळ्या पट्ट्यांची रांग दिसते आणि चालताना चुण्या उघडल्या की आतून तपकिरी अंग दिसतं. शिलाई करणाऱ्या बाईंनी हे ऐकल्याबरोबर ओळखलं की काय हवं आहे, आणि एकही पट्टा इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

उरलेल्या कापडाची आईला शाल करून साताऱ्याला पाठवली. तिने फोनवर सांगितलं, “अरे, रंग सुंदर आहे, टोचत पण नाही. पण अंगावर बसतच नाही बघ, पाटासारखं ताठ उभं राहतं.” तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. किल्टचं कापड चुणी धरून राहावी म्हणून घट्ट विणलेलं असतं, शालीला सैल वीण आणि मऊ सूत हवं. आता त्याची घडी घालून ती पूजेला आसन म्हणून घेते. लोकरीचं आसन तिला हवंच होतं. कसर लागू नये म्हणून तिने वेखंडाची पुरचुंडी ठेवायला सांगितलं, ती मी इथेही ठेवतो. तरी लोकरीच्या कपड्यांना या देशात कसरीचा फार त्रास आहे, त्यामुळे उन्हाळ्यात किल्ट प्लास्टिकमध्ये बंद करून काही आठवडे फ्रीझरमध्ये ठेवतो. तो उपाय चालतो.

या किल्टचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो बोलायला. “कुठल्या क्लॅनचं?” हा प्रश्न बसमध्ये, दुकानात, पबमध्ये येतोच. मी रानमांजर म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, “अजून आहेत का?” मग चुणी उघडून कडी दाखवतो, शेपटी अशी दिसली तर ते रानमांजर असू शकतं हे सांगतो, आणि घरच्या मांजराची नसबंदी आणि लसीकरण करून घेतलं तर या जनावराला किती मदत होते तेही सांगतो. बहुतेक जण ऐकून घेतात. कित्येकांना संकराचा धोका माहीतच नसतो. मुलं शेपटीचा काळा चौकोन शोधायला लागतात.

खर्च मोठा आहे, वेळही लागतो. केवळ वेगळं दिसायला हवं असेल तर तयार टार्टन हजारोंनी पडली आहेत, त्यातलं एखादं घ्या. एखाद्या प्राण्यावर तुमचा खरोखर जीव असेल आणि त्याच्या अंगावरच्या खुणा तुम्हाला पाठ असतील, तर जरूर करा. मी पुढची ऑर्डर याच थ्रेड काउंटची, पण हलक्या वजनाच्या मऊ सुतात देणार आहे, आईच्या शालीसाठी. नोंदणीत मी विणण्यावर कसलंही बंधन घातलेलं नाही. कोणालाही हे कापड विणून घ्यायचं असेल तर वरचा थ्रेड काउंट घेऊन कोणत्याही गिरणीत जा. वजन बदला, तपकिरी गडद-फिकी करा, हवं तर नक्षी लहान करा. पांढरा धागा तेवढा घालू नका.